बुधवारचा रकाना

सिव्हिलच्या ओपीडीत, बंद पंख्याखालच्या बाकावर
डॉक्टरीण बिराजदार, माझ्या थोरलीहून पाचसात वर्षांनी मोठी,
मांडीवर फॉर्म धरून विचारते :
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, सतत.
पाचांतलं एक सांगा, यन्नमकाका.

मापाचं मला नवल नाही.
बावीस वर्षं टॉवेल विणलेत.
इंचात किती धागे, ते अंगठा फिरवून सांगतो.
पण "किती वेळा" याची कारखान्यात वेगळी पट्टी आहे :
सहा नंबरच्या मागापासून संडासापर्यंत एकेचाळीस पावलं,
घाईत तेहेतीस.
दार आतून बंद असलं
तर पावलं मोजून उपयोग नाही.
माग थांबला की मीटर थांबतं,
मीटर थांबलं की शनिवारी पाकीट हलकं.
जॉबर मल्लेशम नुसतं म्हणतो, "परत?"
हे "परत" कुठल्या रकान्यात टाकता?

प्रश्न सहा. थकवा.
कधीकधी, म्हणालो.

प्रश्न नऊ. सामाजिक कार्यक्रम टाळावे लागले का?
मेव्हणीचं लग्न होतं करीमनगरला.
रात्रभराची बस, आणि ड्रायव्हर
माझ्या आतड्यांचा कोणी लागत नव्हता.
भूदेवी पोरींना घेऊन गेली.
तिकडं सांगितलं, मोठी ऑर्डर आहे, मालक सोडत नाही.
साऱ्या सासुरवाडीत बदनाम झाला तो माझ्यापायी,
बिचारा मालक.
कार्यक्रम एकच होता,
म्हणून "क्वचित".

अकरावा प्रश्न वाचताना तिचा आवाज बारीक झाला.
रक्ताचं ना? विचारा की सरळ.
दोन वर्षं रंगखात्यात काढलीत मी,
पक्का लाल कुठला, उतरणारा कुठला,
लांबून कळतं.

पाण्याबद्दल मात्र प्रश्नच नाही.
नळ येतो पाचव्या दिवशी, तोही अपरात्री.
माझ्या एकट्याच्या अकरा बादल्या,
बाकी तिघींच्या मिळून नऊ.
घरात यावर कुणी बोलत नाही.
थोरलीनं पिंपावर खडूनं रेघ ओढलीय :
रेघेखालचं नायनाचं.
रेघ सरकते, दर खेपेला बोटभर वर.
मी पुसत नाही.
पाहिलंय असंही दाखवत नाही.

आणि गोळ्यांचं.
मागच्या दिवाळीत गोळ्यांनी तोंड सुजलं,
तर गल्ली म्हणाली,
नरसय्या, बाळसं धरलंस बघ.

प्रश्न एकोणीस.
आनंदी, समाधानी वाटलं का?
तोंडातून निघून गेलं, कधीच नाही.
तिनं गोल केला. पुढचा प्रश्न. त्याच्या पुढचा.
मग बेरीज : सत्त्याण्णव.
कितीपैकी, विचारलं नाही मी.
पास की डॅमेज, तेही नाही.

उठलो, चप्पल शोधली, आणि आठवलं.
मॅडम, तो एकोणिसावा. बुधवारचं राहिलं.
बुधवारी दुपारपाळी होती.
चार ते बारा, सबंध पाळीत एकदाही माग सोडला नाही.
कांडी बदलायला थांबलो तेवढाच.
आठ तास धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
आणि पोट गप्प,
शेजारचं तान्हं अचानक झोपावं तसं.
मध्यरात्री घरी आलो नि पातळ पेजेवर
शेंगाचटणी घेतली.
करंगळीच्या नखावर मावेल एवढीच.
भूदेवी बघत होती. नको म्हणाली नाही.

गुरुवारी त्याचं काय झालं
ते प्रश्न चारमध्ये आलंय तुमच्या.
पण बुधवार होता.

ती म्हणाली, काका, वाराचा रकाना नाही यात.
मग फॉर्म आडवा धरून
कडेच्या कोऱ्या पट्टीत लिहू लागली.
पेन उमटेना. झटकलं, फुंकर मारली,
"बुध" एवढं आलं, पुढं नुसता ओरखडा.

बेरीज सत्त्याण्णवच राहिली.
पुढचा नंबर पुकारला.